आधी प्रगतिपुस्तकं शोध

भाईंदर (पश्चिम)

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. लक्ष टिकत नाही म्हणून एडीएचडीची तपासणी करायची आहे, एका सेंटरनं पॅकेज सांगितलंय, आणि मामा, एवढे पैसे घालू का, असं विचारतेस. तपासणी जरूर कर. पॅकेज घेऊ नकोस.

एडीएचडी रक्तात सापडत नाही की एमआरआयमध्ये दिसत नाही. त्या पॅकेजमधल्या 'ब्रेन मॅपिंग'वाचून आणि बुद्ध्यांकाच्या चाचणीवाचून निदान अडत नाही. डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन करायला सांगतील, पण ते दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. खरं निदान सविस्तर बोलण्यातून होतं. मोठ्या माणसात किमान पाच लक्षणं हवीत, ती घरी आणि कामावर अशी दोन्हीकडे दिसायला हवीत, आणि त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवीत, असा मानसोपचारातल्या डीएसएम-५ या ग्रंथाचा निकष आहे. नवी नोकरी लागल्यावर सुरू झालेला विसरभोळेपणा या निकषात बसत नाही. तो अपुऱ्या झोपेचा असेल, चिंतेचा असेल, रोज भाईंदर ते चर्चगेट लोंबकळण्याचाही असेल.

म्हणून आधी शाळेची प्रगतिपुस्तकं शोध. 'हुशार आहे, पण लक्ष नसते', 'वही अपूर्ण' असले बाईंचे शेरे कुठल्याही महागड्या चाचणीपेक्षा कामाचे. बाकांवरून उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो; खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या मुलीला आपण 'शांत' म्हणून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची यादी फुकट मिळते, ती भरून ने. मात्र ती चाळणी आहे, निकाल नव्हे. रील पाहून केलेलं निदान तर तेवढंही नाही.

आता खर्च. मुंबई महापालिकेच्या नायर, केईएम, सायन या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपरचे पैसे किरकोळ. नायरसाठी मुंबई सेंट्रलला उतर, केईएमसाठी प्रभादेवीला; सायनसाठी दादरला गाडी बदल. तिथं पैशांऐवजी सकाळ जाते, आणि ती एकदाच जात नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. नाव ऐकून दचकू नकोस, तिथं बाह्यरुग्ण विभागही आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा हिशेब तेवढा धर. खासगीत गेलीस तर फोनवरच विचार: फीमध्ये लेखी रिपोर्ट येतो का, तो समजावून सांगायची वेळ येते का, की त्याचे वेगळे पैसे? सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेऊ शकतात, औषध लिहू शकत नाहीत. त्यासाठी सायकियाट्रिस्टकडे जा. त्यामुळे पहिली फी तिथंच दे.

विम्याच्या भरवशावर राहू नकोस. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि तुझा सगळा खर्च ओपीडीचा. दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. म्हणजे निव्वळ या निदानावर दाखला मिळेल, असं धरून चालू नकोस.

आता माझ्या औषधाच्या दुकानातलं सांगतो, कारण हे कोणी आधी सांगत नाही. एडीएचडीचं औषध मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. त्याला वेगळं लायसन लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं आणि त्यातली एक केमिस्टला दोन वर्षं जपावी लागते. एवढी कटकट कोण करणार? माझ्याकडे ते लायसन नाही, आणि बऱ्याच दुकानांत नसतं. तेव्हा डॉक्टरांनी ते लिहिलं, तर मिळेल कुठं हे तिथंच विचारून घे, आणि चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवून काम होईल असं समजू नकोस. दुसरं औषध अॅटोमॉक्सेटिन, त्याला एवढी बंधनं नाहीत, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळी कुठलीही असो, आधी नाडी, बीपी बघायला हवं, आणि पुढच्या भेटींचे पैसे आजच बाजूला काढायला हवेत. तपासणीची फी एकदाच जाते, हा खर्च महिन्यामागून महिना चालतो. तुझ्या पगारात पॅकेज बसेलही, पण त्यानंतर सहाव्या महिन्यात औषध परवडेना म्हणून बंद करायची वेळ आली, तर रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहील.

तोवर मन फारच बेचैन झालं, तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर तुझ्या लहानपणाबद्दल आईलाही विचारतील. तिला वाटेल, आपलंच काही चुकलं की काय. तिच्याशी आधी मी बोलतो, तू रविवारनंतर विषय काढ.

तुझा,
मामा