नको असलेले टपाल दारातच परत

चेक न वटता परत येतो तेव्हा बँक सोबत कारणाची चिठ्ठी जोडते, हे आपण वाणिज्य शाखेत शिकतो. ई-मेलच्या सर्व्हरवर स्पॅम, म्हणजे नको असलेले टपाल, अडविण्याची चांगली रीतही हीच होय. कॅम्पमधील एका पेढीत मी सायंकाळी हिशेब लिहितो. तिच्या सर्व्हरची मांडणी पाहून जे समजले ते येथे थोडक्यात देतो.

पहिले स्पॅम ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्युर्क यांनी सुमारे ४०० जणांना धाडले. १९९७ साली पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी पत्त्यांची यादी चालू केली, तर १९९८ साली स्टीव्ह लिनफोर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था काढली.

यादी पाहण्याची युक्ती सोपी आहे. समजा, १९२.०.२.२५ या पत्त्यावरून टपाल आले. आपला सर्व्हर आकडे उलट क्रमाने, २५.२.०.१९२ असे मांडतो, पुढे यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे. ‘असे नाव नाही’ असे आले तर नाही. पत्राचा मजकूर तोवर आलेलाच नसतो; ते मराठीत आहे की कन्नडात, हा प्रश्नच उद्भवत नाही.

पोस्टफिक्स या सर्व्हरात नियमांचा क्रम महत्त्वाचा. आधी कार्यालयातील संगणक व पासवर्ड देऊन आलेली आपली माणसे यांना परवानगी, मग परक्यांचे टपाल परक्यांकडे पोचविण्यास मनाई, आणि शेवटी यादीची तपासणी. हा क्रम चुकल्यास घरून काम करणारा आपलाच कारकून अडतो, कारण घरगुती इंटरनेटचे पत्ते पुष्कळदा यादीत असतात. प्रथम काही दिवस नकार न देता नुसती नोंद ठेवावी व ती तपासावी.

यादीवर आंधळा भरवसाही नको. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्टची यादी बंद पडताना प्रत्येक पत्त्याला दोषी ठरवू लागली होती.

आता समजा, उद्यमबागेतील एखाद्या फौंड्रीचे टपाल भाड्याच्या सर्व्हरवरून जाते आणि तेथील दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या उपद्व्यापामुळे तो पत्ता यादीत सापडला. ५५४ हा आकडा व कारण देऊन दारातच नकार मिळाला, तर मालकाला ते लगेच कळते. तो फोन करतो, पत्ता यादीतून काढवून घेतो. तेच पत्र घेऊन गुपचूप फेकून दिले, तर दरपत्रकाची मुदत टळते आणि दोघांनाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून नकार द्यावा, पण कारणासह द्यावा.