कला आणि विलंब

तमिळनाडूत उटकमंडजवळ डोंगराच्या सुमारे 11 अंशांच्या उतारावर 530 मीटर लांब व 30 मीटर रुंद अशी रेडिओ-दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती 1970 मध्ये पुरी झाली. तिच्या नाभिरेषेवर 1,056 आकाशक, म्हणजे अँटेना, ओळीने बसविलेले आहेत. दुर्बिणीची नजर उत्तर-दक्षिण वळवावयाची ती सांगाडा हलवून नव्हे, तर या आकाशकांचे संकेत जुळवून.

खरी मेख या जुळवणीच्या जाळ्यात आहे. तिरपा तरंग एका टोकास आधी व दुसऱ्यास मागाहून पोहोचतो. 30 अंशांच्या कलास हा फरक सुमारे 250 मीटर, म्हणजे 92 सेंटिमीटर लांबीचे सुमारे 270 तरंग, इतका भरतो. संकेताची कला फिरविल्यास पूर्ण तरंग सोडून उरलेला अपूर्णांक तेवढा भरून निघतो, आणि तोही एकाच कंप्रतेपुरता. मूळ कंप्रता सेकंदास 32 कोटी 65 लाख. ती अवघ्या 12 लाखांनी बदलली की दोन टोकांत एका अख्ख्या तरंगाची तफावत पडते!

येथे 48 आकाशकांचा एक, असे 22 गट उपयोगी पडतात. गट जेमतेम 23 मीटरांचा, म्हणून त्याच्या आत कला फिरविणे चालते. गटागटांतील फरक मात्र खऱ्या विलंबानेच, उदाहरणार्थ तारेची लांबी वाढवून, भरावा लागतो. असा विलंब सर्व कंप्रतांना सारखाच लागू पडतो. मग प्रत्येक आकाशकास स्वतंत्र तार का नको? कारण लांब तारेत मुळातच क्षीण असलेला संकेत आणखी क्षीण होतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कंप्रतांचा पट्टा चौपट रुंद झाला, तर दूरच्या दीर्घिकेचा संकेत गोंगाटातून दुप्पट उठून दिसतो.