वेबपानांत पीडीएफ-वाचक बसविण्याची रीत

गेल्या वर्षीं शाळेचें वार्षिक छापून झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत आम्हीं शाळेच्या वेब अ‍ॅप्लिकेशनवर ठेविली. दुसऱ्याच दिवशीं एका विद्यार्थ्याचे वडील भेटले व म्हणाले, "सर, मुलाचा निबंध पाहावा म्हणून अंक उघडला, तों मोबाईलच बंद पडला." दोष त्यांच्या मोबाईलचा नव्हता, वाचक बसविण्याची आमची रीतच चुकली होती. ती सुधारतांना जें शिकावयास मिळालें, तें संगणक शिकणाऱ्या मुलांसाठीं येथें मांडीत आहें.

प्रथम ही फाईल कशी असते तें पाहूं. अडोबी कंपनीनें पीडीएफ १९९३ सालीं लोकांपुढें आणिली व २००८ सालीं ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. वेबपानांतील मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणें आपली ओळ मोडतो. पीडीएफमध्यें अक्षरांची जागा आधींच नेमलेली असते. तिचें मूळ माप इंचाचा ७२ वा भाग होय. म्हणून ए-४ आकाराचें पान सुमारें ५९५ रुंद व ८४२ उंच भरतें. भूमितीच्या आलेखाप्रमाणें तिचा आरंभबिंदु खालच्या डाव्या कोपऱ्यांत असतो. ब्राउझरच्या कॅनव्हासचा मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यांत. आणखी एक गंमत अशी कीं, फाईलचा कोणता भाग कोठें आहे हें सांगणाऱ्या सूचीचा पत्ता तिच्या अखेरीस लिहिलेला असतो, म्हणजे वाचन शेवटाकडून सुरू होतें. सर्व्हर मागितला तेवढाच तुकडा देत असेल, तर एका पानासाठीं सगळी फाईल उतरवावी लागत नाहीं.

सोपा मार्ग म्हणजे आयफ्रेममध्यें फाईलचा पत्ता देणें. काम एका ओळींत होतें, आणि घाईच्या वेळीं त्यास नांवें ठेवूं नयेत. परंतु दिसणारीं बटणें ब्राउझरचीं असतात, आपलीं नव्हत. शिवाय कांहीं मोबाईलांवर पान न दिसतां फाईल उतरवून घेण्याची सूचना येते.

दुसरा मार्ग पीडीएफ.जेएस या ग्रंथालयाचा. मोझिलानें हें काम २०११ सालीं आरंभिलें आणि २०१३ पासून फायरफॉक्सचा स्वतःचा वाचक तेंच आहे. एनपीएमद्वारें 'पीडीएफजेएस-डिस्ट' हें पॅकेज घ्यावें. त्यांत मुख्य फाईल व वर्कर अशा दोन फायली लागतात. फाईलची चिरफाड वर्कर पडद्याआड करितो, म्हणून तेवढ्या वेळांत पानावरील बटणें अडून राहत नाहींत. वर्करचा पत्ता आधीं सांगावा, व दोहोंची आवृत्ति तंतोतंत एकच असावी. आम्हीं एक नवी व एक जुनी जोडली. पान कोरेंच राहिलें. कारण कन्सोलमध्यें स्पष्ट लिहिलें होतें, पण अर्धा दिवस तो कोणी उघडलाच नाहीं!

पुढें 'गेटडॉक्युमेंट'ला पत्ता द्यावा व वचन पुरें होईपर्यंत थांबावें. 'गेटपेज'ला पानाचा क्रमांक द्यावा. येथें मोजणी १ पासून आहे, अ‍ॅरेप्रमाणें ० पासून नाहीं. 'गेटव्ह्यूपोर्ट'ला प्रमाण सांगितलें कीं रुंदी-उंची मिळते व वर-खालचा फरकही तेंच मिटवितें. त्या मापाचा कॅनव्हास करून 'रेंडर' म्हणावें. वाचकानें घाईनें 'पुढील' दाबलें, तर चाललेलें रेखाटन आधीं रद्द करावें. एकाच कॅनव्हासवर दोन रेखाटनें एकदम चालत नाहींत.

आतां मोबाईल कां बंद पडला तें गणितानेंच पाहूं. अक्षरें पुसट दिसूं नयेत म्हणून पडद्याच्या पिक्सेल-गुणोत्तरानें कॅनव्हास वाढवावा लागतो. प्रमाण १.५ व गुणोत्तर २ धरलें तर ए-४ पान १७८५ × २५२६ पिक्सेलांचें होतें. दर पिक्सेलास ४ बाइट, म्हणजे एका पानास सुमारें १८ एमबी स्मृति. अंकाचीं पानें ८०. आम्हीं तीं सर्व एकदम रेखाटलीं होतीं! हिशेब सुमारें १,४४० एमबीवर गेला. साधा मोबाईल तें ओझें कसें पेलणार? मग आम्हीं प्रत्येक पानाच्या जागीं योग्य उंचीची रिकामी चौकट ठेविली. 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर'नें चौकट दृष्टीच्या टप्प्यांत आल्याचें कळविलें कीं तेवढेंच पान रेखाटावें, आणि तें दूर गेलें कीं कॅनव्हासची रुंदी-उंची शून्य करून स्मृति मोकळी करावी. एका वेळीं तीन-चार पानांहून अधिक भार पडत नाहीं.

एक गोष्ट अजून राहिली. कॅनव्हासवरील अक्षरें हें केवळ चित्र होय. तीं निवडतां येत नाहींत, आणि दृष्टिहीन वाचकाचें पडदा वाचून दाखविणारें साधन तेथें मुकें होतें. यासाठीं पीडीएफ.जेएसमध्यें मजकुराचा पारदर्शक थर चित्रावर अंथरण्याची सोय आहे. ती अवश्य वापरावी. परंतु मूळ अंक युनिकोडांत न जुळवितां जुन्या मराठी फाँटांत जुळविला असेल, तर डोळ्यांस 'शाळा' दिसते आणि थरांत भलतींच रोमन अक्षरें निघतात. मुलाचें नांव शोधूं जाल तर सांपडत नाहीं. हा दोष वाचकांत सुधारतां येण्याजोगा नाहीं. म्हणून यंदाचा अंक आरंभापासून युनिकोडांतच जुळविला आहे.