वीस मिनिटांचा कार्बन आणि पाच वर्षांचे अनुदान



कार्बन म्हटला की आपल्याला कोळसा, पेन्सिलीतले शिसे आणि हिरा आठवतो. हा झाला कार्बन-१२. पण त्याचा एक अल्पायुषी भाऊ आहे, कार्बन-११. त्याचे अर्धायुष्य अवघे २० मिनिटांचे. म्हणजे आता जितके अणू आहेत त्यांतले निम्मे २० मिनिटांनी उरतात, तासाभराने एक-अष्टमांश आणि दोन तासांनी केवळ एक-चौसष्टांश. अशा घाईच्या द्रव्यावर एक संशोधन उभे राहिले, आणि त्याला मात्र तेरा वर्षे लागली. इतकी वर्षे संशोधकाचे पोट आणि त्याची प्रयोगशाळा कशावर चालते, याचा आज आपण विचार करू.

आधी रोगाची ओळख. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने जात होती. १९०६ साली ती वारली, तेव्हा डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते आणि पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाचे चट्टे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सांगितले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही! गंमत अशी की, म्युनिकच्या ज्या रुग्णालयात त्यांनी हे काम केले तेथे त्यांना सुरुवातीला पगारच नव्हता. दिवंगत पत्नीकडून आलेल्या संपत्तीवर त्यांचे घर चालत होते. श्रीमंत सासर हीच त्या काळची संशोधनवृत्ती म्हणायची! ज्याच्याजवळ ती नव्हती, त्याने कोणते शोध लावले असते हे आपल्याला कधीच कळणार नाही.

पुढे साठ वर्षे हा दुर्मीळ रोग मानला गेला. म्हातारपणी विसरणे हे तर चालायचेच, असाच समज होता, आणि जो रोगच नाही त्याच्या संशोधनाला पैसा कोण देणार? १९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी दाखवून दिले की, वृद्धांच्या स्मृतिभ्रंशातही बहुधा तेच चट्टे असतात. १९७४ साली अमेरिकेत वार्धक्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी लिहिले की, हा दुर्मीळ नव्हे तर मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक रोग आहे. त्यानंतर अनुदानाचा ओघ सुरू झाला.

आता आपल्या कार्बनकडे वळू. ते चट्टे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात. पण ते दिसत रोगी मेल्यावर. जिवंत माणसाच्या मेंदूत ते कसे पाहायचे? अमेरिकेत पिट्सबर्ग येथे विल्यम क्लंक हे कारकिर्दीच्या आरंभीच या प्रश्नाच्या मागे लागले. कापड रंगवण्याचा 'काँगो रेड' हा रंग अमायलॉइडला चिकटतो, हे आधीच ठाऊक होते. त्यावरचा त्यांचा निबंध १९८९ सालचा आहे. परंतु तो रंग रक्तातून मेंदूत शिरत नाही. तेव्हा चेस्टर मॅथिस या रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने एकेक नवा रेणू बनवायचा, तपासायचा आणि बाजूला टाकायचा, असे वर्षानुवर्षे चालले. अखेर एका लहान, विद्युतभाररहित रेणूने काम साधले. त्यात कार्बन-११ बसवला होता.

या अणूच्या केंद्रात ६ प्रोटॉन आणि ५ न्यूट्रॉन असतात. त्यांतला एक प्रोटॉन न्यूट्रॉनमध्ये बदलतो, तेव्हा एक पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवतीच्या कड्यातील दोन शोधकांना ते एकाच क्षणी लागले, की घटना त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी घडली हे कळते. अशा लाखो रेषांवरून चित्र तयार होते. २००२ साली स्वीडनमधील उप्साला येथे हे द्रव्य प्रथम एका रुग्णाला टोचले गेले, आणि जिवंत मेंदूतले चट्टे दिसले.

१९८९ ते २००२ म्हणजे तेरा वर्षे. अमेरिकेतील संशोधन-अनुदान साधारण चार-पाच वर्षांचे असते. शास्त्रज्ञ अर्ज लिहितो, त्याच विषयातले इतर शास्त्रज्ञ तो वाचून गुण देतात, आणि पाच अर्जांत जेमतेम एकाला पैसा मिळतो. त्यातून साहाय्यकांचे पगार, उंदीर, रसायने, सायक्लोट्रॉनचे भाडे सारे भागवायचे. अर्जात प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात. ते काढायला पैसा लागतो. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, आणि उतरल्याशिवाय पोहता येत नाही, अशातला प्रकार! अमेरिकेत स्वतःचे पहिले मोठे अनुदान मिळवणाऱ्याचे सरासरी वय १९८० साली ३६ च्या आसपास होते; पुढे ते चाळिशीपार गेले. म्हणून २००६ साली तेथे 'के-९९/आर-००' योजना निघाली: पहिली दोन वर्षे गुरूच्या प्रयोगशाळेत, नंतरची तीन स्वतःच्या. शिवाय नवख्यांच्या अर्जांना थोडी सवलतही दिली जाते.

केवळ पैसा वाढवून भागते का? स्मृतिभ्रंशाच्या संशोधनावरील अमेरिकन सरकारचा वार्षिक खर्च २०११ च्या सुमारास सुमारे ४५ कोटी डॉलर होता. दहा-बारा वर्षांत तो ३०० कोटींच्या वर गेला. पण अमायलॉइडखेरीज दुसरे काही सुचवणाऱ्या तरुणांना अनुदान मिळणे कठीण होते, अशी तक्रार अनेक संशोधकांनी उघडपणे केली आहे. अमायलॉइडविषयीचा २००६ सालचा एक गाजलेला निबंध चित्रांतील फेरफारामुळे २०२४ साली मागे घ्यावा लागला. ही चूक शोधण्यात पुढे होता तो एक तरुण प्राध्यापकच. मला वाटते, गुण देणाऱ्यांनी न पटणाऱ्या कल्पनेसाठीही थोडा पैसा राखून ठेवावा. तुमच्या शिक्षकांचे मत वेगळे असू शकेल. त्यांना विचारून पाहा.

आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. बंगळुरूची मेंदू-संशोधन संस्था कोलार जिल्ह्यातील खेड्यांत हजारो वृद्धांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत आहे. असे काम पाच वर्षांच्या चौकटीत कसे बसणार?

आता थोडे गणित. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळ येथे सुरू झाला. समजा, तेथून कार्बन-११ मोटारीने तीन तासांत पुण्याला नेला, तर किती उरेल? १८० मिनिटे म्हणजे ९ अर्धायुष्ये. उरेल ५१२ वा भाग. म्हणूनच नंतर फ्लोरिन-१८ चे द्रव्य निघाले. त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. ते पुण्याला पोचेपर्यंत किती उरेल, हे तुम्हीच काढा.