खताआधी पान बघ

अगं, डेलियाचं पान पिवळं दिसलं की लगेच खताची पुडी फोडू नकोस. पुण्यात विश्रांतवाडीत आपल्या आसपासच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत मी दर हिवाळ्यात हेच होताना बघते. जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन होतं. तिथले मोठाले डेलिया बघून प्रत्येकीला वाटतं, असं एक तरी फूल आपल्या कुंडीत यावं. हौसेनं रोप घरी येतं, थोड्याच दिवसांत पानं उतरतात आणि मग मारा सुरू होतो. एक मूठ युरिया, वर चमचाभर डीएपी, त्यावर कुणीतरी सांगितलेली राख. रोप सावरत तर नाहीच, उलट पानांच्या कडा जळायला लागतात. माझं सांगणं एवढंच आहे की झाड काय मागतंय हे पानावर स्पष्ट दिसतं. ते बघायला शीक, मग औषध आपोआप कळेल.

पहिला प्रश्न असा विचार: पिवळेपणा कुठून सुरू झाला? बुडाकडच्या जुन्या पानांपासून, की शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून? निम्मं निदान इथेच होतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाच्या अंगात फिरती असतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून वाढत्या शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी उतरतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाहीत. ते कमी पडले की खालची पानं हिरवीगार आणि नवं पान मात्र आजारी, असं चित्र दिसतं.

आता खालच्या पानांचं बघू. सगळं पान शिरांसकट सारखं फिकट झालंय, दांडा बारीक आहे, नवी पानं लहान येतायत, तर नत्र कमी आहे. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम 19:19:19 विरघळवून आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा दे. शेंगदाणा पेंड चार-पाच दिवस भिजवून, दहापट पाणी घालून दिलीस तरी चालेल. पण कळी दिसू लागली की नत्राचा हात आखडता घे, हे मनात पक्कं ठेव. नत्र जास्त झालं की झाड पानांनीच भरतं, दांडे मऊ होतात, फुलाचा भार पेलत नाही आणि कंद साठवणीत लवकर कुजतात. बुडाची एक-दोन पानं पिवळी होऊन गळणं तर वयाचंच आहे. त्यासाठी काही करू नकोस, फक्त काढून टाक.

जुन्या पानाची कड आधी पिवळी, मग तपकिरी होऊन करपते आणि मधला भाग हिरवाच राहतो, तेव्हा पालाशाकडे बघ. दांडे कमकुवत होणं आणि फुलाचा रंग उतरणं ही त्याच्याच सोबतची खूण. 0:0:50 म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला 2 ग्रॅम, कळ्या धरण्याच्या सुमाराला. पण देण्याआधी कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर साचलाय का ते बघ. थर असेल तर ही कमतरता नाही, क्षार साचलेत. अशा वेळी खत बंद कर आणि तळातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत कुंडी दोन-तीनदा धुऊन काढ.

शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, तोही जुन्या पानांवर, असं असेल तर मॅग्नेशियम. कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत हे बरेचदा दिसतं, आणि पालाशाचा मारा केला तरी दिसतं, कारण पालाश फार झालं की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात. एप्सम सॉल्ट लिटरला 5 ग्रॅम घेऊन पानांवर फवार आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

स्फुरद कमी असेल तर झाड खुरटतं, पान निस्तेज गडद होतं आणि मागच्या बाजूला जांभळट झाक येते. डिसेंबरातल्या थंडीतही ही झाक येऊ शकते, कारण थंड मातीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत. थंडी कमी होते तशी ती जाते. काही डेलियांची पानं जातीनंच काळपट जांभळी असतात, त्यांना उगाच औषध देऊ नकोस. हाडांचा चुरा लोक आवर्जून घालतात, पण चुनखडीच्या मातीत तो फार सावकाश विरघळतो. लावताना थोडं सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळलंस तर जास्त उपयोग होईल. स्फुरदाचाही अतिरेक नको. तो झाला की लोह आणि जस्त दोन्ही अडतात.

आता मुख्य गोष्टीवर येते, कारण आपल्या भागातलं खरं दुखणं हेच आहे. शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, फार झालं तर जवळजवळ पांढरी, आणि त्यावर हिरव्या शिरांची रेखीव जाळी. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. ऊस किंवा भुईमूग असा पिवळा पडला की आपले शेतकरी केवडा पडला म्हणतात, तसाच हा प्रकार. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. 1791 साली माद्रिदच्या कावानिल्येस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला अँडर्स डाल या स्वीडिश अभ्यासकाचं नाव दिलं, आणि 1963 पासून तो मेक्सिकोचं राष्ट्रीय फूल आहे. त्याला किंचित आम्ल, साधारण साडेसहा सामूची (पीएचची), निचऱ्याची माती मानवते. आपल्या पुण्याच्या काळ्या मातीचा सामू सहज साडेसात-आठच्या घरात असतो आणि तिच्यात चुनखडी असते. बांधकामं चालू असलेल्या भागातून आणलेल्या मातीत सिमेंट-चुन्याचा राडारोडा मिसळलेला असतो तो वेगळाच. मातीत लोह नसतं असं नाही, भरपूर असतं. पण सामू वाढला की ते न विरघळणाऱ्या रूपात जातं. धान्याची कोठी भरलेली आहे आणि किल्ली हरवली आहे, तशी झाडाची गत होते. तू कोठीत आणखी धान्य ओतून काय होणार?

आणि पाणी! बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड असतं. बादलीला पांढरा थर धरतो ना, तो ज्यातून तयार होतो तो बायकार्बोनेट रोज थोडा थोडा कुंडीत जातो आणि मातीचा सामू चढवतो. 2021 साली भामा आसखेड धरणाचं पाणी आपल्या भागाला मिळू लागलं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतं, म्हणून डेलियाला तेच घाल आणि बोअरचं गच्ची धुवायला ठेव. एसीचं साठलेलं पाणीही फवारणीचं द्रावण करायला छान. कुंडी सतत ओली ठेवलीस तरी मुळं गुदमरतात आणि लोह उचलत नाहीत. बोट दोन पेरं मातीत घालून बघ, ओलं लागलं तर पाणी नको.

माती चुनखडीची आहे का हे घरीच कळतं. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाक. बुडबुडे आले तर चुना आहे. नाही आले म्हणून नाहीच असं मात्र नाही, कमी असेल तर डोळ्यांना दिसत नाही.

लोहाच्या या कमतरतेवर उपाय दोन आहेत. तातडीचा उपाय पानावरून. हिराकस (फेरस सल्फेट) 5 ग्रॅम आणि सायट्रिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम एक लिटर पाण्यात घालून, उन्हं कलल्यावर दोन्ही बाजूंनी फवार. हिराकस हिरवट असला तरच घे, तपकिरी झाला असेल तर त्यातली ताकद गेली. द्रावण त्याच वेळी बनव आणि त्याच वेळी संपव. फरशीवर पडलं तर तांबडे डाग जात नाहीत, म्हणून कुंडी बाजूला घेऊन, हातमोजे घालून कर आणि पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. आधी एकाच फांदीवर फवारून तिला दोरा बांध. आठवडाभरात तिथे हिरवे ठिपके उमटले तर निदान बरोबर, मग सगळ्या झाडावर फवार. टिकाऊ उपाय मुळाशी. दुकानात चिलेटेड लोह मागताना पाकिटावरची अक्षरं वाच. ईडीटीए लिहिलेलं लोह पानावर फवारायला ठीक, पण आपल्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. मातीत घालायला ईडीडीएचए लिहिलेलंच घे, महाग असलं तरी. मात्रा पाकिटावर असते तेवढीच, अंदाजानं वाढवू नकोस.

घरगुती सल्लेही ऐकशील. गंजके खिळे पूर, अंड्याची टरफलं घाल, चुलीतली राख टाक. गंजातलं लोह झाडाला घेता येत नाही. टरफलं म्हणजे चुनाच, आणि राखेनं सामू आणखी चढतो. हे तिन्ही आपल्या मातीत नको. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाल. कुजताना तयार होणारी द्रव्यं लोह मोकळं ठेवायला मदत करतात.

नव्या पानाचं टोक वाकडं होतंय, कड करपतेय, शेंडा जळतोय, तर कॅल्शियम शेंड्यापर्यंत पोचत नाहीये. चुनखडीच्या मातीत ते कमी नसतं, कुंडी एकदा कडकडीत वाळवली आणि एकदा बुडवली की असं होतं. पाण्याची वेळ नियमित कर. निव्वळ कोकोपीटमधल्या रोपाला मात्र कॅल्शियम नायट्रेट 2 ग्रॅम लिटरला दे, पण एप्सम सॉल्टमध्ये किंवा स्फुरदाच्या खतात ते मिसळू नकोस, साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. शेंडा ठिसूळ होणं आणि कळी वेडीवाकडी येणं बोरॉनमुळेही होतं. पण बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. मातीचा अहवाल हातात असल्याशिवाय बोरिक अ‍ॅसिडला हात लावू नकोस.

जमिनीत वाफा करणार असशील तर माती तपासूनच घे. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. त्यातला सामू आणि कर्ब आधी वाच. कुंडीसाठी एवढा खटाटोप नको, माती बदलणं सोपं. दोन भाग चाळलेली लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड, बारा इंची कुंडीला पुरे.

खत देण्याआधी पान उलटं करून बघायची सवय लाव. बारीक जाळी आणि पिठासारखे ठिपके असतील तर लाल कोळी आहे, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तो हमखास येतो. पानाखाली जोरानं पाणी मार आणि निंबोळी अर्क फवार. वरून पांढरी भुकटी दिसली तर भुरी. आणि शिरांच्या कडेनं पिवळे पट्टे, पान एका बाजूनं सुरकुतलेलं, झाड खुजं, कुठल्याच खतानं फरक नाही, असं असेल तर विषाणू धर. त्याला औषध नाही. जीव तुटला तरी ते झाड कंदासकट काढून टाक. त्याच्यावर वापरलेली कात्री दुसऱ्या झाडाला लावू नकोस, आणि मावा दिसला की लगेच आवर, कारण तो विषाणू पसरवतो.

एक धीर देते. पिवळं पडलेलं जुनं पान औषधानंही पुन्हा पूर्ण हिरवं होईलच असं नाही. गुण आला की नाही हे पुढच्या नव्या पानांवर बघ. एका वेळी एकच उपाय कर, कुंडीवर तारीख लिही, आठ-दहा दिवस थांब. दोन-तीन गोष्टी एकदम घातल्यास तर कशानं बरं झालं हे कळणार नाही, आणि बिघडलं तरी कळणार नाही.

मार्चमध्ये फुलं संपली की झाडाकडे पाठ फिरवू नकोस. पुढच्या वर्षीचा कंद तेव्हाच भरतो, आणि तो भरतात ती हिरवी पानं. म्हणून फुलांचा बहर ओसरल्यावरही पानं निरोगी राहतील तेवढी काळजी घे, पाणी हळूहळू कमी कर, आणि झाड आपोआप वाळल्यावरच कंद काढ. त्यांतले टणक, भरलेले, मानेशी डोळा असलेले कंद ठेव, मऊ पडलेले टाकून दे. पावसाळा सरल्यावर लावशील तेव्हा नवी माती आणि धरणाचं पाणी एवढ्या दोनच गोष्टी सांभाळ. पुन्हा कोवळं पान पिवळं दिसलंच, तर खताच्या दुकानात जाण्याआधी वरून आणि खालून एकेका पानाचा स्वच्छ उजेडात फोटो काढून मला पाठव. दोघी मिळून बघू.