जोडीला साधी कोंबडी ठेवा

फॅन्सी कोंबड्या पाळायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हा: ‘सारखी जोडी घ्या.’ मला पक्षी विकणाऱ्यानेही तेच सांगितलं होतं. कोचीन बँटमचा फ्रिझल कोंबडा आणि तशीच फ्रिझल मादी. दोघांचीही पिसं टोकाला उलटी वळलेली, पाय नखांपर्यंत पिसांनी झाकलेले.

पिल्लं निघाली तेव्हा सगळी सारखीच दिसत होती. पंखांची पिसं फुटू लागली तशा त्यांच्या तीन तऱ्हा झाल्या. काहींची पिसं साधी, सरळ. बरीचशी आईबापांसारखी. उरलेल्यांची पिसं मात्र बारीक, हात लावला की तुटणारी. वाढता वाढता त्यांची पाठ आणि मान उघडी पडली. खायची इतरांपेक्षा जास्त, तरी अंग धरत नव्हती. पावसाळी हवेत बल्बखालून हलायची नाहीत. विकणाऱ्याने खाद्याला दोष दिला, शेजाऱ्यांनी उवांना. पशुवैद्यांनी आईबाप पाहायला मागितले, तेव्हा उलगडा झाला.

पिसं उलटी वळवणारं जनुक आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच आलं तर डौलदार फ्रिझल होते. दोघांकडून आलं तर पिसं ठिसूळ होतात, शरीराची ऊब टिकत नाही, ती भरून काढताना हृदयावर ताण येऊन ते मोठं होतं. फ्रिझलला फ्रिझल लावली की सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. हेच जनुक एकेरी असेल तर उन्हाळ्यात उपयोगी पडतं, कारण पिसांतून उष्णता लवकर बाहेर जाते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘उपकारी’ ही परसातली कोंबडी फ्रिझलच्या संकरातूनच तयार केली आहे.

त्यानंतर कोणतीही शोभेची जात आणण्याआधी मी तिच्या शोभेचं मूळ विचारू लागलो. जपानी बँटमचे आखूड पाय प्रदर्शनात उठून दिसतात. पण आखूड पायांच्या नराला आखूड पायांची मादी दिली, तर सरासरी एक चतुर्थांश पिल्लं अंड्यातच मरतात. लोक उबवणी यंत्राचं तापमान बदलत बसतात. पोलिश कॅपच्या भरगच्च शेंडीखाली कवटी उंचावलेली असते आणि तिथलं हाड अपुरं असतं. दांडग्या कोंबडीची एक चोच तिथे बसली तर पक्षी जाऊ शकतो. सिल्कीची गोष्ट वेगळी. तिची रेशमी पिसं पिल्लात उतरायला दोन्हीकडून जनुक यावंच लागतं, म्हणून सिल्कीला सिल्कीच लावायची. पण ही पिसं पाणी झटकत नाहीत. आपल्या पावसात तिला कोरडं खुराडं हवंच.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं असं. फ्रिझल कोंबड्याला त्याच जातीच्या सरळ पिसांच्या माद्या द्या. निम्मी पिल्लं फ्रिझल मिळतील आणि ठिसूळ पिसांचं एकही नाही. जपानी बँटममध्येही आखूड पायांच्या पक्ष्याला लांब पायांचा जोडीदार द्या. प्रत्येक पिल्लाच्या पायात कडी घाला आणि वहीत आईबाप लिहा. नर बदलला की आधीच्याचं बीज मादीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकू शकतं. तोवरची अंडी उबवणीला न लावता स्वयंपाकघरात द्या. कोचीन आणि सिल्कीची अंडी रिकामी निघत असतील तर नर बदलण्याआधी नर-मादीच्या गुदद्वाराभोवतीची दाट पिसं कातरून पाहा.

प्रदर्शनातून बक्षिसाबरोबर रोगही घरी येतो. परतलेला पक्षी थेट कळपात सोडू नका. किमान तीन-चार आठवडे वेगळा ठेवा, त्याचं दाणापाणी सर्वांत शेवटी करा. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी टोचायची असते, मानमोडीची पहिल्या आठवड्यात सुरू होते. पिल्लं विकत घेताना दोन्हींची नोंद मागा. एकाएकी बरेच पक्षी मेले तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 मध्ये देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्या नवापुरात, हे विसरून चालणार नाही.

पक्षी विकत घ्यायला जाल तेव्हा बक्षीस मिळालेल्या पिंजऱ्यापाशी फार रेंगाळू नका. त्याच विणीतले सरळ पिसांचे, लांब पायांचे भाऊबहीण कुठे आहेत ते विचारा. ‘ती बिनकामाची, काढून टाकली’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा. ज्याने साधी भावंडं जपली आहेत, वहीतून त्यांचे आईबाप दाखवले आहेत, त्याच्याकडूनच पक्षी घ्या, आणि त्या साध्या भावंडांतल्या दोन माद्याही मागून घ्या.