घटक ५ : बंदरावरील एका दिवसाचे नियोजन आणि त्याचे लेखन

५.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• परतीची वेळ ठरलेली असते अशा प्रवासाचा आराखडा तयार करता येईल;
• नियम, अंदाज आणि खात्री व्यक्त करणारी क्रियारूपे परस्परांपासून वेगळी ओळखता येतील;
• सार्वजनिक वाहनांवर आधारलेले एका दिवसाचे प्रवासपत्रक निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावाहून एखादी व्यक्ती कामानिमित्त जिल्ह्याच्या ठिकाणी निघते, तेव्हा ती पहिला प्रश्न कोणता विचारते? 'तिकडे पोहोचायला किती वेळ लागेल?' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असतो, 'परतीची शेवटची गाडी किती वाजता?' कचेरीतील काम, दवाखान्यातील रांग, बाजारातील खरेदी या सर्वांची मांडणी त्या एका उत्तरावरून होते. गावात रात्री येऊन थांबणाऱ्या आणि पहाटे निघणाऱ्या मुक्कामी गाडीवर ज्यांचा दिनक्रम बेतलेला असतो, त्यांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

पर्यटनाच्या जहाजातून बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशाला नेमका हाच हिशेब करावा लागतो. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि त्याच संध्याकाळी सुटते. मधले काही तास प्रवाशाचे स्वतःचे असतात. जहाज कंपनीने आखलेली सहल घ्यावी, की स्थानिक बस पकडून आपला दिवस आपणच आखावा, हा निर्णय त्याच्यावर असतो. दुसऱ्या पर्यायात खर्च पुष्कळ वाचतो आणि ठिकाण अधिक जवळून पाहता येते. मात्र जबाबदारीही सर्वस्वी आपली असते. कंपनीच्या सहलीची गाडी अडकली, तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. शेवटची एसटी चुकली तर नातेवाइकाकडे रात्र काढता येते. जहाज चुकले तर सामान पुढे जाते आणि प्रवाशाला स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावे लागते. सोबत वृद्ध आईवडील किंवा लहान मुले असतील, तर याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

प्रस्तुत घटकात आपण गोव्यातील मुरगाव बंदराचे उदाहरण घेणार आहोत. मुंबईहून निघणारी पर्यटक जहाजे येथे थांबतात. २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर सुरू झालेले 'आंग्रिया' हे जहाजही याच बंदरात येत असे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ दिवस मागून मोजणे

नियोजनाचा पहिला नियम असा : दिवसाची मांडणी उतरण्याच्या वेळेपासून करू नये, परतण्याच्या वेळेपासून मागे मागे यावे. यातही 'परतण्याची वेळ' म्हणजे जहाज सुटण्याची वेळ नव्हे. सर्व प्रवाशांनी जहाजावर हजर असण्याची वेळ त्याआधीची, बहुधा अर्धा ते एक तास आधीची असते आणि ती स्वतंत्रपणे जाहीर केली जाते. आपल्या पत्रकात लिहायची ती हीच वेळ.

उदाहरणासाठी असे गृहीत धरू की, जहाज सकाळी ९ वाजता मुरगावला लागते, संध्याकाळी ६ वाजता सुटते आणि ५ वाजता सर्वांनी जहाजावर असणे आवश्यक आहे. प्रवाशाला पणजीमार्गे जुने गोवे येथे जायचे आहे. बॉम जीझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल ही तेथील चर्चे असून तेथील चर्च व मठवास्तूंचा समूह १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मुरगाव बंदर जुवारी नदीच्या मुखापाशी दक्षिणेला, तर पणजी मांडवीच्या काठी उत्तरेला आहे. म्हणून वास्को शहरातून निघालेल्या बसला कुठ्ठाळी येथे जुवारीवरील पूल ओलांडावा लागतो. वास्को ते पणजी हे अंतर सुमारे ३० किलोमीटर आणि पणजी ते जुने गोवे हे सुमारे १० किलोमीटर आहे.

आता मागून मोजू. कालावधी आपण मुद्दाम सैल धरले आहेत.

५.०० – जहाजावर हजर.
४.०० – बंदराचे फाटक. (एक तास राखीव)
३.३० – वास्को बसस्थानक. (तेथून फाटकापर्यंत अर्धा तास)
२.१५ – पणजीहून बस सुटणे. (सव्वा तास)
१.४५ – पणजी बसस्थानकावर पोहोचणे. (तिकीट व रांग, अर्धा तास)
१.१५ – जुने गोवे सोडणे. (अर्धा तास)

हीच रीत सकाळच्या बाजूने लावू. ९ वाजता जहाज लागले, तरी उतरण्याची रांग आणि ओळखपत्रांची तपासणी आटोपून फाटकाबाहेर पडण्यास १० वाजतील. १०.३० ला वास्को बसस्थानक, १०.४५ ला बस, १२ वाजता पणजी, १२.१५ ला दुसरी बस आणि १२.४५ ला जुने गोवे.

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की खरे चित्र दिसते. जहाज बंदरात नऊ तास आहे. परंतु जुन्या गोव्यात प्रवाशाच्या वाट्याला येतो तो केवळ अर्धा तास. पत्रक न लिहिता निघालेला प्रवासी मनाशी नऊ तास धरतो. मग बॅसिलिकेच्या दारात उभा असताना एक तर राखीव तास खर्च करतो, किंवा हळहळत परत फिरतो.

५.३.२ वगळण्याचा निर्णय

नियोजन म्हणजे ठिकाणांची यादी वाढवणे नव्हे. काय वगळायचे हे घरीच ठरवणे होय. वरील हिशेबातून तीन पर्याय निघतात.

(अ) जुने गोवे वगळणे. मग पणजीत १२ ते १.४५ असा पावणेदोन तासांचा वेळ मिळतो. बसस्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर फोंतेन्हासची जुनी वस्ती आणि मांडवीचा काठ आहे. जेवणही तेथेच होऊ शकते.

(आ) जुने गोवेच मुख्य मानून एका बाजूचा प्रवास भाड्याच्या टॅक्सीने करणे. सार्वजनिक वाहनाचा आग्रह हा हट्ट नसावा. सकाळी टॅक्सीने गेल्यास बस बदलण्याचा आणि थांबण्याचा वेळ वाचतो; खर्च वाढतो, तो आधीच पत्रकात लिहावा.

(इ) नदी न ओलांडणे. वास्को शहरात दामोदराचे मंदिर आहे. तेथील श्रावणातील भजनी सप्ताह गोव्यात प्रसिद्ध आहे. बोगमाळोचा समुद्रकिनारा जवळ आहे. सोबत वृद्ध मंडळी असल्यास हा पर्याय सर्वांत निर्धोक, कारण परतीच्या मार्गावर पूल नाही आणि दुसरी बसही नाही.

राखीव तासाला मात्र कोणत्याही पर्यायात हात लावू नये. तो वाया जाणारा वेळ नाही. बस पंक्चर होणे, पाऊस, मिरवणूक, पुलावरील कोंडी या सर्वांचा तो आगाऊ भरलेला हप्ता आहे. याच न्यायाने, बोरी अरबच्या प्रवाशाने बडनेरा किंवा धामणगाव येथून मुंबईची रेल्वे पकडताना जहाजाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचेल अशीच गाडी निवडावी.

५.३.३ प्रश्न कसा विचारावा?

कदंब परिवहन महामंडळ ही गोव्यातील शासकीय बससेवा होय. पणजी–वास्को या मार्गावर तिच्या थेट बस धावतात. त्यांचे तिकीट बसमध्ये चढण्यापूर्वी स्थानकावरील खिडकीवर काढायचे असते. गावांतून खासगी बसही धावतात आणि मोटारसायकलवरून प्रवासी नेणाऱ्या चालकास तेथे 'पायलट' म्हणतात. मराठी सर्वत्र समजते. तरीही भाषा समजली म्हणजे माहिती मिळाली असे होत नाही. पुढील संवाद पाहा.

– भाऊ, वास्कोला बस जाते का?
– जाते ना.

उत्तर खरे आहे, आणि निरुपयोगीही. मराठीतील 'जाते' हे रूप नियम किंवा रीत सांगते. आज, आता, या स्थानकावरून बस जाईल असे ते सांगत नाही. 'जाईल' हे रूप अंदाज व्यक्त करू शकते. 'जाणार आहे' यात ठरलेली गोष्ट येते. म्हणून 'का'ने संपणारा, होय-नाही उत्तराचा प्रश्न टाळावा. ज्याचे उत्तर आकड्यात किंवा ठिकाणाच्या नावातच द्यावे लागेल, असा प्रश्न विचारावा : 'वास्कोची पुढची बस किती वाजता सुटणार आहे? कोणत्या फलाटावरून? ती चुकली तर त्यानंतरची कितीला?' यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. कारण दोन बसमधील अंतर कळल्याशिवाय राखीव वेळ किती ठेवावा हे ठरवता येत नाही. हा प्रश्न परतताना नव्हे, तर सकाळी पणजीत उतरल्याबरोबर विचारावा.

५.३.४ प्रवासपत्रकाची भाषा

सोबतच्या माणसांसाठी लिहिलेल्या पत्रकात पुढील बाबींची काळजी घ्यावी.

(१) 'पर्यंत' या शब्दयोगी अव्ययाची संदिग्धता. 'संग्रहालय पाचपर्यंत उघडे असते' यात पाच ही कालावधीची अखेर आहे. 'पाचपर्यंत या' यात ती मुदत आहे. 'पाचपर्यंत फिरा' असे लिहिल्यास वाचणारा पाच वाजता फिरणे थांबवील आणि तेव्हा तो फाटकापासून दूर असेल. मुदतीसाठी 'च्या आत' वापरावे : 'चारच्या आत फाटकावर या'.

(२) घड्याळाची पद्धत. जहाजावरील फलकांवर २४ तासांची पद्धत असू शकते. १५.३० म्हणजे दुपारचे साडेतीन. घाईत तेच साडेपाच वाचले जाते. पत्रकात '१५.३० (दुपारी साडेतीन)' असे दोन्ही लिहावे. परदेशी बंदरात जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ यांत फरक असू शकतो. तेथे कोणती वेळ लिहिली आहे तेही नोंदवावे.

(३) क्रियापदाचा अर्थ. 'बोट लागली' याचे दोन अर्थ होतात. 'बोट धक्क्याला लागली' म्हणजे ती येऊन थांबली. 'आईला बोट लागली' म्हणजे तिला मळमळू लागले. बोलताना संदर्भ मदतीला येतो. चिठ्ठीत तो नसतो. म्हणून 'धक्क्याला' हा शब्द गाळू नये.

(४) सैल कालवाचके. 'दुपारी', 'लगेच', 'थोड्या वेळाने', 'जवळच' हे शब्द बोलण्यात सौजन्याचे असले, तरी पत्रकात धोक्याचे ठरतात. त्यांच्या जागी वेळ किंवा अंतर लिहावे.

(५) चुकामूक झाल्यास काय करावे, याचे एकच वाक्य. उदाहरणार्थ : 'एकमेकांपासून वेगळे झाल्यास शोधत बसू नये, प्रत्येकाने थेट बंदराच्या फाटकावर यावे.' पत्रकातील बाकी सर्व मजकूर विसरला गेला तरी हे वाक्य लक्षात राहावे, म्हणून ते आज्ञार्थी किंवा विध्यर्थी रूपात, लहान आणि सर्वांत शेवटी लिहावे. त्याखाली जहाजाचे नाव, धक्का आणि बंदर कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक नोंदवावा. मूळ ओळखपत्र आणि जहाजाचे प्रवेशपत्र प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे. सर्वांची कागदपत्रे एकाच पिशवीत ठेवू नयेत.

५.४ सारांश

परतीची वेळ ठरलेली असते तेव्हा दिवस मागून मोजावा लागतो. त्या मोजणीत उपलब्ध वेळ अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरतो आणि म्हणून काय वगळावे हा नियोजनातील मुख्य निर्णय ठरतो. हा निर्णय माहितीवर, माहिती प्रश्नावर आणि प्रश्न क्रियारूपाच्या योग्य निवडीवर अवलंबून असतो. व्यावहारिक मराठीत अचूकता ही शैलीची बाब नाही. तिच्यावर माणसे वेळेत परत येणे अवलंबून असते.

५.५ पारिभाषिक शब्द

धक्का : जहाज बांधून ठेवण्याची व प्रवासी चढ-उताराची जागा.
आगबोट : वाफेच्या शक्तीवर चालणारे जहाज, जुन्या मराठीत प्रवासी जहाजास सर्रास वापरला जाणारा शब्द.
राखीव वेळ : अडथळ्यांसाठी बाजूला ठेवलेला आणि कार्यक्रमात न वाटलेला वेळ.

५.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) 'बस बंदरावर जाते' आणि 'बस बंदरावर जाणार आहे' या वाक्यांतील अर्थभेद सांगा.
(२) विवेचनातील उदाहरणात जहाज संध्याकाळी ६ ऐवजी ७ वाजता सुटणार असून हजर राहण्याची वेळ ६ असेल, तर जुन्या गोव्यात किती वेळ मिळेल?

उत्तरे : (१) पहिले वाक्य नेहमीची रीत सांगते, दुसरे ठरलेली विशिष्ट घटना सांगते. (२) परतीची प्रत्येक वेळ एक तासाने पुढे जाते, म्हणून १२.४५ ते २.१५, म्हणजे दीड तास.

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळच्या एसटी बसस्थानकावर जा. आपल्या गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा फलकावरून लिहून घ्या आणि त्याच वेळा वाहतूक नियंत्रकास विचारा. फलकावरील वेळ व मिळालेले उत्तर यांत फरक आढळल्यास, उत्तर देताना त्यांनी वापरलेले क्रियापद जसेच्या तसे नोंदवा. त्यानंतर गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस जिल्ह्याच्या रुग्णालयात नेऊन त्याच दिवशी परत आणण्याचे प्रवासपत्रक, शेवटच्या गाडीपासून मागे मोजत, एका पानात तयार करा. ते त्या व्यक्तीस वाचून दाखवा. ऐकताना तिला जेथे प्रश्न विचारावा लागेल, तेवढी वाक्ये पुन्हा लिहा.